खर्च कोणाच्या खात्यावर? : भांडवलशाही, नीती आणि निसर्ग

'भांडवलशाही नीतिमान होऊ शकेल काय?' हा विषय वक्तृत्व स्पर्धेत ठेवला की दोन्ही बाजूंना सारख्याच टाळ्या मिळतात. एक वक्ता रेल्वे, औषधे, छापखाने आणि मोबाइल यांची यादी वाचतो. दुसरा भोपाळचे नाव घेतो, काळवंडलेल्या नद्या दाखवतो. टाळ्या थांबतात आणि प्रश्न होता तेथेच राहतो. प्रस्तुत लेखात मला तो प्रश्न थोडा खाली उतरवून विचारावयाचा आहे. एखादी वस्तू तयार होताना जो खर्च प्रत्यक्ष होतो, तो सगळा तिच्या किमतीत उतरतो काय? उतरत नसेल, तर उरलेला खर्च कोण भरतो?

मी तृतीय वर्ष कला वर्गात अर्थशास्त्र घेऊन शिकते. माझे घर कालव्याखालच्या उसावर चालते आणि माझी फी उसाच्या बिलातून भरली जाते. त्यामुळे या प्रश्नाकडे परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहणे मला शक्य नाही. ज्यांच्या सुखाचा काही खर्च दुसराच कोणी भरतो आहे, अशा लोकांपैकी मी एक आहे. म्हणूनच हा विषय मला निव्वळ तात्त्विक वाटत नाही.

१. जुना प्रश्न

भांडवलशाही म्हणजे नीतीला दिलेली रजा, असा एक समज आपल्याकडे आहे. परंतु या व्यवस्थेचा आद्य भाष्यकार ॲडम स्मिथ हा ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा त्याचा ग्रंथ १७७६ सालचा. त्याआधी १७ वर्षे, म्हणजे १७५९ साली, त्याने माणसाच्या नैतिक भावनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. प्रत्येकाने आपापले हित पाहिले तरी समाजाचे हित साधू शकते, हे त्याचे म्हणणे सर्वांना पाठ असते. एकाच धंद्यातील व्यापारी एकत्र जमले की बोलणे बहुधा ग्राहकांविरुद्धच्या कटावर येते, हा त्याच ग्रंथातील इशारा मात्र फारसा कोणी सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला मिल्टन फ्रीडमन आहेत. उद्योगाची सामाजिक जबाबदारी एकच, ती म्हणजे नफा वाढवणे, असे त्यांनी सप्टेंबर १९७० मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडले. त्यातही एक अट आहे : समाजाचे नियम पाळून आणि फसवणूक न करता. तेव्हा खरा वाद नफ्याबद्दल नसून नियमांबद्दल आहे. नियम कोणी करायचे, आणि नफ्यातला पैसा जर नियम वाकवण्यासाठीच वापरला जाऊ लागला तर काय करायचे, या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मला त्या लेखात मिळाले नाही.

या दोघांच्या मधला एक धागा आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात रेल्वेच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे उदाहरण दिले आहे. ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते. रेल्वे कंपनीच्या वहीत कोळसा, पगार, डागडुजी असे सारे खर्च असतात. जळालेले रान मात्र नसते. ते नुकसान रानमालकाने सोसायचे. कंपनीचा खाजगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत असे अंतर पडले, की बाजारातली किंमत खोटे बोलू लागते. १९५० साली कार्ल विल्यम काप यांनी याच मुद्द्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. असे न भरलेले खर्च हा अपवाद नसून खाजगी उद्योगाच्या रचनेतच ते बसलेले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वर्गात हा भाग एका तासात संपतो आणि परीक्षेत त्यावर एक टीप येते. परंतु भांडवलशाहीच्या नीतीचा सारा प्रश्न या एका टिपेत सामावलेला आहे, असे मला वाटते. तो सोडवण्याचे तीन मार्ग आजवर सुचवले गेले : मालकाचे मन बदला, मालक बदला, किंवा हिशेब बदला. ते क्रमाने पाहू.

२. मालकाचे मन बदलले तर?

हा मार्ग महात्मा गांधींच्या विश्वस्त कल्पनेचा. संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने स्वतःला तिचा मालक न समजता समाजाच्या वतीने नेमलेला विश्वस्त समजावे, हे तिचे सार. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के पगारवाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई होते आणि त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या. गांधीजींनी उपोषण केले, प्रश्न लवादाकडे गेला आणि लवादाने कामगारांची मागणी रास्त ठरवली. दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू न होता तंटा मिटला. ही गोष्ट लहान नाही.

चांगला मालक कायद्याच्या पुढे जाऊ शकतो, याचीही उदाहरणे आहेत. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला. त्या वेळी देशात तसा कायदा नव्हता.

परंतु अशा मालकाची एक अडचण असते. त्याने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी यंत्रणा बसवली आणि शेजारच्याने बसवली नाही, तर बाजारात शेजाऱ्याचा माल स्वस्त पडतो. भल्या माणसाला त्याच्या भलेपणाचा दंड होतो. नीती जर ऐच्छिक राहिली, तर स्पर्धा तिला हळूहळू कुरतडते. चांगल्या मालकाने घालून दिलेला पायंडा सर्वांना बंधनकारक झाला तरच तो टिकतो.

शिवाय पायंडा प्रत्येक वेळी मालकच घालतो असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी १० जून १८९० पासून मान्य झाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून काही वर्षे लावून धरलेल्या मागणीमुळे. महात्मा फुले यांचे हे सहकारी 'दीनबंधू'चे संपादक होते. आज आपण रविवारी निश्चिंत उशिरा उठतो, त्यामागे मालकांच्या दयेपेक्षा या माणसाची चिकाटी अधिक आहे.

विश्वस्त कल्पनेचे आजचे सरकारी रूप म्हणजे कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. यातून शाळा, दवाखाने, बंधारे उभे राहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे कलम नफा कसा खर्च करावा हे सांगते. तो कसा मिळवला हे विचारत नाही. नदीत रसायन सोडून मिळवलेल्या नफ्यातील २ टक्क्यांनी नदीकाठी बाग फुलवली, तर बागेचे छायाचित्र वार्षिक अहवालात येते आणि नदी तशीच वाहत राहते.

३. मालक बदलला तर?

'भांडवलदार हाच दोष आहे. मालकी कष्टकऱ्यांच्या हाती द्या, म्हणजे अनीती आपोआप संपेल,' हे दुसरे उत्तर. या उत्तराची परीक्षा घेण्यास महाराष्ट्राइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळांसारखा विद्वान अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष होता. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला. सावकाराच्या आणि खाजगी कारखानदाराच्या दारातून तो सुटला. ग्रामीण भागात शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आली. माझ्या घरातून मी महाविद्यालयापर्यंत पोहोचणारी पहिली मुलगी आहे, आणि त्याचे श्रेय सहकाराला देताना मला संकोच वाटत नाही.

पण मालक बदलला म्हणून हिशेबाची वही बदलली काय? उसाच्या हिशेबात बेणे, खत, मशागत, तोडणी, वाहतूक हे सारे येते. पाणी मात्र नावालाच येते. आमच्या घरी पाणीपट्टी भरतात ती पिकाच्या क्षेत्रावर. प्रत्यक्षात किती पाणी घेतले याची मोजदाद नसते. एक किलो साखरेमागे शेतात दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते, असा अंदाज दिला जातो. राज्यातील पिकांखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्र व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्यातील सुमारे ७० टक्के वाटा घेतो, हे आकडे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालांमुळे सर्वपरिचित आहेत. विहिरीवर वा बोअरवर ऊस असेल तर विजेचाही प्रश्न येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून राज्यात मोफत वीज देण्याची योजना आली. अडचणीतल्या शेतकऱ्याला त्याने दिलासा मिळतो हे खरे. पण जमिनीखालचे पाणी उपसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या लेखी शून्य होतो, हेही तितकेच खरे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या दुष्काळाला अपुरा पाऊस कारण होताच. पण आधीच्या दशकांत त्याच मराठवाड्यात उसाचे क्षेत्र आणि कारखाने वाढत गेले होते, हे विसरून चालणार नाही. टाकीखाली घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका कोणाच्या तरी साखरेचा न लिहिलेला खर्च भरत होत्या.

दुसरा न लिहिलेला खर्च ऊसतोड मजुरांचा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. म्हणजे हिशेबात बाईला स्वतंत्र आकडासुद्धा नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याचे २०१९ साली उघड झाले, विधिमंडळात प्रश्न गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. आमच्या फडातही टोळी येते. त्या बायकांकडे पाहताना, आमच्या बिलातील कोणता आकडा यांच्या शरीरातून आला आहे, असा प्रश्न मला पडतो.

कारखाना सहकारी असो वा खाजगी, वहीत जो खर्च लिहिला जात नाही तो कोणी वाचवीत नाही. मालकी बदलल्याने नफ्याची वाटणी बदलते, आणि ती बदलणे आवश्यकही असते. पण वाटणीबाहेर राहिलेल्यांचे काय, याचे उत्तर नुसत्या मालकीत नाही.

४. हिशेब बदलला तर?

तिसरा मार्ग म्हणजे ज्याने खर्च निर्माण केला त्याच्याच खात्यावर तो मांडणे. हे तीन तऱ्हांनी होऊ शकते : नुकसानभरपाईने, बंदीने किंवा मर्यादेने, आणि किमतीने.

नुकसानभरपाईचा इतिहास आपल्या देशात भोपाळपासून सुरू होतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे मरण पावली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी असल्याने वाढवून मिळावी, हा सरकारचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवून पुढे जाळण्यात आला, तोही सरकारी तिजोरीच्या खर्चाने. दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी कंपनीचा खर्च करदात्याने भरला.

भोपाळने कायद्याला मात्र जाग आणली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योग करणाऱ्याला 'आम्ही काळजी घेतली होती' अशी सबब नाही, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. पुढे १९९६ साली तमिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात 'जो प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने मानले.

तत्त्व मिळाले, पण वसुली? राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तेथील रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी नासले. प्रदूषण करणाऱ्यांनीच सफाईचा खर्च भरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. मग अर्जांवर अर्ज झाले आणि २०११ साली न्यायालयाला पुन्हा, चक्रवाढ व्याजासह, रक्कम भरण्याचा आदेश द्यावा लागला. मधल्या १५ वर्षांत विहिरी कोणासाठी थांबल्या नाहीत. म्हणून घडून गेल्यावर भरपाई घेण्यापेक्षा आधीच मर्यादा घालणे बरे.

मर्यादा घातल्याने उद्योग बुडतात, हा समज खोटा ठरवणारे मोठे उदाहरण ओझोनचे. शीतकपाटे आणि फवारे यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू ओझोनचा थर विरळ करतात, असे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. उद्योगांनी प्रथम विरोध केला. १९८५ साली अंटार्क्टिकावरील विवर जगापुढे आले आणि १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. मर्यादा सर्वांना सारखी लागू होणार हे निश्चित होताच त्याच कंपन्यांनी पर्यायी वायू बाजारात आणले. गरीब देशांना बदलाचा भार पेलावा म्हणून स्वतंत्र निधीही उभारला गेला. शीतकपाटे बंद पडली नाहीत. ओझोनचा थर भरून येऊ लागला. भांडवलशाहीची कल्पकता मोठी आहे, पण तिला कोणत्या दिशेला जुंपायचे हे नियमाने ठरते.

किमतीचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. सुरतेत २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांसाठी धूलिकणांचा बाजार सुरू केला. सर्वांनी मिळून किती धूळ सोडायची याची एकूण मर्यादा ठरली, तितकेच परवाने निघाले आणि प्रत्येक धुराड्यावर मोजणीचे यंत्र बसले. ज्याने धूळ कमी केली तो उरलेले परवाने विकू शकतो. ज्याने केली नाही त्याला ते विकत घ्यावे लागतात. जुन्या नियमांखाली राहिलेल्या कारखान्यांच्या तुलनेत या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले.

उसाच्या क्षेत्रातही अशी एक लहान सुरुवात झाली आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या महामंडळाकरिता कारखान्यांकडून गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये घेण्याचे राज्य शासनाने ठरवले. रक्कम लहान आहे. पण ज्या बाईला हिशेबात आकडा नव्हता, तिच्या नावाने वहीत एक रकाना उघडला गेला, हे महत्त्वाचे.

५. तीन आक्षेप

हे सारे वाचून वर्गमित्र तीन आक्षेप घेतील, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

पहिला आक्षेप : असे केल्याने वस्तू महाग होतील आणि झळ गरिबाला बसेल. वस्तू काही प्रमाणात महाग होतील, हे मान्य. परंतु गरीब माणूस आजही तो खर्च भरतोच आहे. टँकरच्या पाण्यासाठी, दम्याच्या औषधासाठी, नासलेल्या विहिरीसाठी. फरक इतकाच की त्याची पावती त्याला मिळत नाही. वसूल झालेला पैसा त्याच्याकडे परत पोहोचवणे, ही या मार्गाची अट आहे. ती पाळली नाही तर आक्षेप खरा ठरेल.

दुसरा आक्षेप : नियम कडक केले की उद्योग दुसऱ्या राज्यात किंवा देशात जातील. यात तथ्य आहे, म्हणूनच नियम जितका व्यापक तितका चांगला. युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते आदी मालावर कार्बनचा भार मोजण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून अहवाल मागवून सुरू केली. भारताने तिला आक्षेप घेतला आहे, आणि तो निराधार नाही. ज्यांनी दीड-दोन शतके धूर सोडून संपत्ती जमवली, त्यांनी आपली जुनी बाकी न दाखवता नव्या वहीच्या पहिल्या पानापासून हिशेब सुरू करणे न्यायाचे नव्हे. ओझोन करारातील निधीने याचे उत्तर दाखवून ठेवले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : मोजणार कोण? तपासनीसच फितूर झाला तर? गुजरातेतच यावर एक उद्बोधक प्रयोग झाला. एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की ज्या कारखान्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा व त्यानेच पैसे द्यायचे, अशा पद्धतीत बहुतेक अहवाल मर्यादेच्या किंचित खालीच येत होते. काही कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठी काढल्याप्रमाणे नेमले, मोबदला सामाईक निधीतून दिला आणि अहवालांची फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही घटले. माणसे तीच होती. ती कोणाचे मीठ खातात, हे बदलले होते.

६. जे विकता येऊ नये

एवढे सांगूनही या तिसऱ्या मार्गाला मर्यादा आहे. प्रत्येक गोष्टीला किंमत लावली, तर ज्याच्याकडे पैसा आहे तो निसर्ग नासवण्याचा हक्कही विकत घेईल. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या पाऱ्याने मासे विषारी झाले आणि ते खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला पडला. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. तेथे पाऱ्याची योग्य किंमत किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. काही गोष्टी सोडूच नयेत आणि काही गोष्टी विकूच नयेत.

पिण्याचे पाणी ही त्यांपैकी एक. येथे मला विलासराव साळुंखे यांची आठवण करावीशी वाटते. हे पुण्यातील अभियंते व कारखानदार. १९७२ चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यात नायगाव येथे गेले आणि तेथून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम चार ओळींत बसतात : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. लाभधारकांनी खर्चाचा २० टक्के वाटा स्वतः उचलायचा. हिवरे बाजारनेही १९९० नंतरच्या काळात पाण्याचा ताळेबंद मांडून, सिंचनासाठी बोअर आणि ऊस यांवर निर्बंध घालून आपले गाव सावरले.

सामाईक साधने लोक स्वतःच नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन सिद्ध केले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नायगावच्या शेतकऱ्यांनी तो ग्रंथ वाचलेला नव्हता. साळुंखे स्वतः कारखानदार होते, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. येथे मालकाचे मन, लोकांची मालकी आणि पाण्याचा हिशेब हे तिन्ही मार्ग एकत्र आले. त्यांतला एकच असता तर पाणी पंचायत टिकली असती असे वाटत नाही.

तात्पर्य, भांडवलशाही नीतिमान करणे म्हणजे भांडवलदाराला प्रवचन देणे नव्हे, आणि त्याच्या जागी दुसऱ्याला बसवणे एवढेच नव्हे. जो खर्च आजवर नदीने, मजुराने आणि पुढल्या पिढीने मुकाट्याने भरला, तो वहीत लिहायला भाग पाडणे. जो लिहून भागणार नाही तो होऊच न देणे. आणि ती वही सर्वांना वाचता येईल अशी उघडी ठेवणे, असे हे काम आहे. त्यातले शेवटचे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते व तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अशा सुनावणीला आपल्यापैकी किती जण गेले आहेत? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे; त्याखाली एखाद्या नाल्याच्या पाण्याचा अहवाल कोणी मागितला आहे काय?

अर्थशास्त्र विभागाला माझी एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या प्रकल्पासाठी आपल्या तालुक्यातील एका टन उसाचा पुरा खर्च काढण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावे. भूगोल विभागाने विहिरींची पातळी मोजावी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टोळीतल्या बायकांशी बोलावे, आम्ही बेरीज करू. पाणी, वीज, खताने बिघडलेली माती आणि फडातले कष्ट मिळून येणारा आकडा कदाचित आमच्याच घराला अडचणीचा ठरेल. तरीही तो या अंकाच्या पुढील वर्षीच्या पानांवर छापला जावा, असे मला मनापासून वाटते.